दोघांनी मिळून नवी मंडळी उभी करताना

नवी मंडळी (चर्च) सुरू करण्याचं ओझं नवरा-बायकोपैकी बहुधा एकाच्याच मनावर आधी येतं. कधी त्याला प्रार्थनेत एखादी वस्ती सतत आठवत राहते, कधी तिला. त्या वेळी दुसरं माणूस मनाने कुठे असतं, यावर पुढची कितीतरी वर्षं अवलंबून असतात. आम्ही उभयता बराच काळ सेवाकार्यात आहोत आणि नव्याने निघणाऱ्या जोडप्यांसोबत बसतो. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो आहोत. काही पायऱ्यांवर वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं, काही आठवड्याभरात ओलांडता येतात, त्यामुळे सगळ्यांवर सारखंच लिहिलेलं नाही.

१. दोघांचा होकार वेगवेगळा घ्या

"आम्ही मिळून प्रार्थना केली आणि दोघांनाही शांती वाटली," असं जवळपास प्रत्येक जोडपं सांगतं. ते खोटं बोलत नसतात. पण बऱ्याचदा एकाचं "हो" हे देवाला दिलेलं असतं आणि दुसऱ्याचं जोडीदाराला. जोडीदाराला दिलेला होकार पहिल्या कठीण वर्षापर्यंत टिकतो, त्यानंतर त्याची तक्रार होते.

म्हणून आम्ही एक साधी गोष्ट करायला सांगतो. एक संध्याकाळ मोकळी ठेवा, दोन कागद घ्या आणि दोन वेगळ्या खोल्यांत बसा. दोघांनी याच प्रश्नांची उत्तरं लिहायची: हे काम देव माझ्याकडून मागतो आहे, की फक्त माझ्या जोडीदाराकडून? मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मुलांच्या बाबतीत कोणती गोष्ट मी सोडणार नाही? पैसे संपले तर किती काळ तग धरायची माझी तयारी आहे? माझ्या जोडीदाराच्या स्वभावातली कोणती गोष्ट या कामात आड येईल? लिहून झालं की कागद बदला आणि वाचा. त्या रात्री कोणीही उत्तर द्यायचं नाही, खुलासा करायचा नाही, रडायचं असेल तर रडायचं. बोलणं दुसऱ्या दिवशी.

त्यानंतर तुमच्याहून वडीलधाऱ्या, सेवेत मुरलेल्या एखाद्या जोडप्याला हे कागद दाखवा आणि त्यांनी तुम्हा दोघांना वेगवेगळं भेटावं अशी विनंती करा. तिच्याशी त्या घरच्या बाईंनी बोलावं, त्याच्याशी त्यांच्या यजमानांनी. समोर नवरा बसलेला असताना बायको जे बोलते आणि तो नसताना जे बोलते, त्यात अनेकदा फरक असतो. नवऱ्यांचंही तसंच असतं.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याचं पूर्ण एकमत होतं. जमीन विकून आलेल्या पैशांतले काही मागे ठेवायचे, हे दोघांनी ठरवूनच केलं होतं. प्रेषित पेत्राने सप्पीरेला सुमारे तीन तासांनी वेगळं विचारलं. तिला खरं सांगण्याची स्वतंत्र संधी मिळाली होती. जोडप्याच्या एकमतावर विसंबून न राहता प्रत्येकाला वेगळं विचारण्याचं महत्त्व आम्हाला त्या प्रसंगातून कळतं.

आणि विल्यम केरी यांचं घर विसरू नका. आधुनिक मिशन चळवळीत त्यांचं नाव अग्रभागी घेतलं जातं, सेरामपूरहून १८११ मध्ये मराठी नवा करार छापला गेला तोही त्यांच्याच कामातून. पण १७९३ मध्ये इंग्लंड सोडायची वेळ आली तेव्हा त्यांच्या पत्नी डोरोथी गरोदर होत्या आणि त्यांनी यायला नकार दिला होता. प्रवास लांबला, बाळंतपण झालं, पुन्हा आग्रह झाला आणि बहीण सोबत येणार या अटीवर त्या निघाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर वारला. त्यानंतर डोरोथींचं मन सावरलं नाही आणि १८०७ मध्ये त्या गेल्या तोवरची बरीच वर्षं त्यांनी मानसिक आजारात काढली. आजाराची सगळी कारणं त्या प्रवासात होती असं कोणी म्हणू नये. पण काही आठवड्यांत बदलून घेतलेल्या होकारावर एवढं मोठं ओझं टाकलं गेलं, हे प्रत्येक जोडप्याने निघण्याआधी वाचायला हवं.

एकाचं उत्तर "नाही" आलं तर? थांबा. पुन्हा कधी विचारायचं ती तारीख ठरवा, सहा महिन्यांनंतरची ठेवा, आणि मधल्या काळात रोजच्या जेवणाच्या टेबलावर विषय काढू नका. मंडळीपुढे उभं राहून "देवाने आम्हाला बोलावलं आहे" अशी साक्ष देऊन जोडीदाराला कोंडीत पकडणं तर अजिबात नको. मंडळी टाळ्या वाजवते, आणि घरी आल्यावर त्या माणसाला "नाही" म्हणायची जागाच उरत नाही.

२. आधी दुसऱ्याच्या मंडळीत राबा

पाचारण नक्की आहे म्हणून लगेच निघायचं नसतं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातल्या अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याचा क्रम पाहा. सम्राट क्लौद्याच्या हुकुमामुळे ते रोम सोडून करिंथात आले. तिथे प्रेषित पौल त्यांच्याकडे राहिला, कारण तिघांचा धंदा एकच होता, राहुट्या करण्याचा. पौल करिंथात दीड वर्ष राहून वचन शिकवत होता आणि हे दोघं ते सगळं जवळून पाहत होते. मग ते त्याच्यासोबत इफिसला गेले. तिथे अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला त्यांनी सभेत न अडवता आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. त्यांच्या घरी भरणाऱ्या मंडळीचा उल्लेख पत्रांमध्ये येतो. नव्या करारात या जोडप्याचं नाव सहा वेळा येतं आणि सहाही वेळा दोघांचं एकत्र येतं.

तुमच्या सध्याच्या मंडळीत दोन-तीन वर्षं ठरवून कामं घ्या: संडे स्कूलचा एक वर्ग, घरोघरच्या प्रार्थना, इस्पितळातल्या भेटी, तरुणांचा गट, अधूनमधून उपदेश. अंत्यविधीच्या घरी पाळकांसोबत (मंडळीच्या धर्मगुरूंसोबत) जाऊन शेवटपर्यंत थांबा, ते शिक्षण कोणत्याही बायबल कॉलेजात मिळत नाही. हिशेबाची वही महिनाभर सांभाळून बघा. जे काम कोणाच्या नजरेस पडत नाही ते तुम्ही दोघं किती दिवस मनापासून करता, हे पाळकांना आपोआप दिसतं.

यातली निम्मी कामं तरी दोघांनी मिळून करा. तो पाहुण्यांसमोर चिडतो का, ती थकल्यावर गप्प होते का, एकाने सुरू केलेलं वाक्य दुसरा अर्ध्यात तोडतो का, हे असल्या कामांत उमगतं. आपल्या मंडळीत उमगलेलं बरं. तिथे सांभाळून घेणारी माणसं असतात.

३. मंडळीने पाठवल्याशिवाय निघू नका

अंत्युखियाच्या मंडळीने उपास आणि प्रार्थना केली, बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना रवाना केलं (प्रे. कृत्ये १३). परत आल्यावर त्यांनी मंडळीला एकत्र बोलावून सगळा वृत्तान्त सांगितला (१४:२७). निघणं आणि परत येऊन सांगणं, दोन्ही मंडळीसमोर झालं.

मित्रांना सांगण्याआधी पाळकांना सांगा. त्यांच्याशी बोलताना हे मुद्दे स्पष्ट करा आणि नंतर कागदावर घ्या: मंडळी किती आणि कोणत्या मुदतीपर्यंत मदत करेल, तुम्ही अहवाल किती दिवसांनी द्याल, अडचणीत तुम्ही कोणाला फोन करायचा, आणि इथली कोणती कुटुंबं तुमच्याबरोबर येतील. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त मनं दुखावतात. पाळकांना माहीत नसलेलं एकही नाव तुमच्या यादीत असू नये.

पाळक नकार देऊ शकतात. कारण विचारा, वडीलमंडळींपुढे विषय ठेवा, वेळ द्या. भांडून बाहेर पडलेल्या जोडप्यामागे भांडून आलेलीच माणसं गोळा होतात, आणि तीच माणसं पुढच्या वेळी तुमच्याशी भांडतात. हे आम्ही इतक्यांदा पाहिलं आहे की या एका बाबतीत आमचा सल्ला ठाम असतो: राग धरून निघायचंच नाही, मग दोन वर्षं उशीर झाला तरी चालेल.

४. पोटापाण्याचा विचार

तीन वाटा आहेत. नोकरी किंवा धंदा करत सेवा करणं, पाठवणाऱ्या मंडळीने आणि दानशूरांनी खर्च उचलणं, किंवा दोन्हींचं मिश्रण. पौलाच्या आयुष्यात तिन्ही दिसतात. त्याने स्वतःच्या हातांनी कमावलं, फिलिप्पैकरांची मदत स्वीकारली, आणि सुवार्ता सांगणाऱ्याचा उपजीविकेचा हक्क करिंथकरांना समजावून सांगून त्यांच्याकडून मात्र तो घेतला नाही. त्यामुळे कोणतीही एक वाट जास्त आध्यात्मिक मानू नका.

घरखर्चाचा आकडा आधी काढा: भाडं, शाळा, औषधं, प्रवास, आई-वडिलांना द्यायचे पैसे. मंडळीचा खर्च वेगळ्या पानावर लिहा. किमान सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असल्याशिवाय चालू नोकरी सोडू नका, आणि डोक्यावर व्याजाचं कर्ज असेल तर आधी ते फेडा.

पुष्कळ घरांत त्याने पूर्ण वेळ सेवा करायची आणि तिच्या पगारावर घर चालायचं असं ठरतं. ही व्यवस्था सन्मानाची आहे, पण ती उघड सांगितली पाहिजे. तिचा पगार हे या मंडळीला मिळणारं पहिलं मोठं दान आहे, हे पाठवणाऱ्या मंडळीलाही कळू द्या. आणि ती दिवसभर नोकरी करत असेल तर महिलांची सभा, मुलांचे वर्ग आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं आदरातिथ्य तिच्यावरच टाकू नका. तिचा नवरा दिवसा घरी असतो, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास त्याने बघावा. ज्यांच्या घरी हे सहज होतं त्यांची सेवा जास्त टिकते.

५. जागा निवडणं

जिथे ख्रिस्ताचं नाव ऐकलेलं नाही तिथे सुवार्ता सांगावी, दुसऱ्याच्या पायावर बांधू नये, अशी पौलाची आकांक्षा होती (रोम. १५:२०). निवडलेल्या भागात आधीपासून सेवा करणारे पाळक असतील तर त्यांना जाऊन भेटा, त्यांच्याबरोबर प्रार्थना करा. त्या भागात वेगवेगळ्या वेळी पायी फिरा: कामाच्या दिवशी सकाळी, रात्री उशिरा, रविवारी. लोक घरात कोणती भाषा बोलतात, रविवारी कोणाला सुट्टी नसते, म्हाताऱ्यांना कोण बघतं, हे लिहून ठेवा. एकाला जागा पटली आणि दुसऱ्याला नाही, तर आणखी थोडं फिरा.

६. घरातला लहान गट

रविवारची उपासना जाहीर करण्याची घाई करू नका. आधी घरात गट जमवा, आठ-दहा माणसं पुरेत. वचनाचा एक उतारा वाचायचा, त्यावर तीन प्रश्न: यात देवाबद्दल काय कळतं, माझ्याबद्दल काय कळतं, या आठवड्यात मी काय करणार. पुढच्या वेळी सुरुवात तिसऱ्या प्रश्नाने करायची, म्हणजे ठरवलेलं झालं का. उपदेश कमी, ऐकणं जास्त. इतका साधा नमुना ठेवला की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एखादा नवा विश्वासी स्वतः गट चालवू शकतो.

मेथडिस्ट चळवळीतले लहान वर्ग १७४२ मध्ये ब्रिस्टल इथे सुरू झाले ते इमारतीचं कर्ज फेडण्यासाठी. बारा-बारा जणांचे वर्ग केले आणि प्रत्येक वर्गाच्या पुढाऱ्याने दर आठवड्याला घरोघर जाऊन एक पेनी गोळा करायची असं ठरलं. घरोघर गेल्यावर कोणाच्या घरी काय चाललं आहे हे पुढाऱ्यांना दिसू लागलं, आणि चळवळीचे पुढारी जॉन वेस्ली यांच्या लक्षात आलं की माणसांची काळजी घेण्यासाठी अशीच व्यवस्था हवी होती. कर्ज फेडण्यासाठी निघालेली व्यवस्था माणसांची काळजी घेणारी झाली. तुमच्या गटातही सभेपेक्षा मधल्या सहा दिवसांतल्या भेटींनी माणूस जोडला जातो.

आता घराबद्दल. सभा संपते नऊला. काही जण थांबतात, कोणीतरी आपलं दुःख सांगू लागतं, मुलं त्याच खोलीत झोपायची असतात पण झोपू शकत नाहीत. साडेदहाला दार लागतं. मग खुर्च्या जागेवर, भांडी मोरीत, आणि सकाळी सहाला तिचा गजर. आठवड्यातून एकदा हे आनंदाने होतं. तीनदा झालं की घर घर राहत नाही. म्हणून सभा संपण्याची वेळ सुरुवातीलाच सांगा आणि ती पाळा. घरातली एक खोली पाहुण्यांसाठी बंद ठेवा. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी कोणालाही बोलवायचं नाही. आणि दोन-तीन महिन्यांत सभा आळीपाळीने इतरांच्या घरी न्या. त्यामुळे त्यांनाही मंडळी आपली वाटू लागते.

७. कोणी काय करायचं

उपदेश कोण करेल, समुपदेशन कोण, हिशेबाशी कोणाचा संबंध नसेल, हे लिहून ठेवा. स्त्रियांनी उपदेश करण्याबद्दल आणि पाळकपदाबद्दल मंडळ्यांची मतं वेगवेगळी आहेत. तुमच्या पाठवणाऱ्या मंडळीची भूमिका काय आणि तुमची काय, हे पहिल्या उपासनेच्या आधी स्पष्ट करा. नंतर तो वाद तिच्या डोक्यावर फुटतो. पाळकांची पत्नी म्हणून ती गाणं म्हणेल, मुलांना शिकवेल, असं लोक धरूनच चालतात. तिला देवाने कोणतं दान दिलं आहे ते बघा. ती उत्तम हिशेबनीस असेल आणि मुलांच्या वर्गात तिचा जीव घुसमटत असेल, तर मुलांच्या वर्गासाठी दुसरं माणूस शोधा.

एक नियम कडक ठेवा. एकट्या स्त्रीला पाळकाने आणि एकट्या पुरुषाला त्याच्या पत्नीने बंद दाराआड भेटायचं नाही. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं गुपित जोडीदारालाही सांगायचं की नाही, हे सांगणाऱ्याला आधीच विचारा. लहान मुलांच्या वर्गात कायम दोन मोठी माणसं असावीत.

८. उपासना सुरू करण्याआधी

तुम्ही ज्या देशात आहात तिथल्या कायद्यानुसार नोंदणी, सभेची परवानगी, करांचे नियम हे सगळं जाणकार वकिलाकडून समजून घ्या. बाप्तिस्मा कोण देईल, प्रभुभोजन कधी होईल, सभासद कोणाला म्हणायचं, हे पाठवणाऱ्या मंडळीसोबत ठरवा.

पैशांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. बँकेतलं खातं मंडळीच्या नावावर असावं आणि सह्या करणारे तुम्ही दोघं नवरा-बायको नसावं. अर्पण गोळा झालं की त्याच खोलीत, सगळे असतानाच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी टेबलावर मोजायचं. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत वहीत लिहायची, दोघांनी सही करायची, पाकीट बंद करून त्याच्या तोंडावर पुन्हा सही. पाळकाने पाकिटाला हात लावायचा नाही. बारा माणसांची मंडळी असली आणि थोडीच नाणी पडली, तरीही हेच. मोठ्या रकमेची जबाबदारी आली तेव्हा पौलानेही इतरांना सोबत घेतलं होतं, प्रभूसमोर आणि माणसांसमोरही सचोटी दिसावी म्हणून (२ करिंथ. ८). दर तीन महिन्यांनी जमाखर्च वाचून दाखवा.

९. मुलं आणि विसावा

निर्गम १८ हा अध्याय काम वाटून देण्याबद्दल सगळेच वापरतात: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमा, असं सासरा इथ्रो याने मोशेला सांगितलं. अध्यायाची सुरुवात मात्र फारसं कोणी वाचून दाखवत नाही. मोशेने आपली पत्नी सिप्पोरा हिला माहेरी पाठवलेलं होतं. इथ्रो येताना तिला आणि दोन्ही मुलांना, गेर्षोम व अलियेजर यांना, सोबत घेऊन आला. आधी कुटुंब त्याच्याजवळ आलं, आणि दुसऱ्या दिवशी सासऱ्याने सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाड्याला बसलेला जावई बघून त्याला सल्ला दिला. तुमच्या आयुष्यातही असं बोलू शकणारं कोणीतरी असू द्या. आई-वडील, सासू-सासरे, जुने पाळक, कोणीही. आणि त्यांनी "तू दमला आहेस" म्हटलं तर ते मान्य करा.

आठवड्यातला एक दिवस सुट्टीचा, फोन बंद. मुलांचे दाखले उपदेशात त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. मंडळीतल्या तक्रारी त्यांच्यासमोर बोलू नका, कारण तुम्ही त्या माणसाला क्षमा करून मोकळे होता आणि मूल ते मनात ठेवून रविवारी त्याच माणसासमोर बसतं.

१०. वडील नेमणं

पौल आणि बर्णबा यांनी प्रत्येक मंडळीत वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणारे पुढारी, नेमले (प्रे. कृत्ये १४:२३), आणि पौलाने आपला सहकारी तीत याला क्रेत बेटावर ठेवलं तेही याच कामासाठी. दोन-तीन वर्षांत तुमच्या मंडळीत अशी माणसं दिसू लागतील: वचनाला धरून राहणारी, घर नीट सांभाळणारी, पैशाला न भुलणारी. त्यांना आधी काम द्या, मग जबाबदारी, आणि पद सगळ्यात शेवटी. नेमणुकीच्या आधी त्यांच्या पत्नींशी किंवा पतींशीही बोला.

मग एक महिना तुम्ही दोघं मंडळीपासून दूर जा. आजारपण किंवा संकट नसेल तर फोन करायचा नाही. परत आल्यावर वडिलांबरोबर बसा, त्या काळात त्यांनी काय काय ठरवलं ते ऐका आणि वहीत लिहा. त्यांनी गाण्यांचा क्रम बदललेला असेल, एखादी सभा दुसऱ्या दिवशी नेलेली असेल, तुम्ही दिला नसता अशा एका कुटुंबाला मदतनिधी दिलेला असेल. वचनाच्या विरुद्ध काही नसेल तर त्यातलं काहीही बदलू नका.